धुऱ्यावरची पाटी

लॉच्या प्रवेश परीक्षेसाठी साधना सध्या एकाच तऱ्हेचे प्रश्न घोटत होती. आधी कायद्याचा नियम, मग घडलेला प्रसंग, शेवटी दोष कोणाचा ते सांगायचं. दोन वावरांमधल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात सख्ख्या वहिनीशी वर्षभर अबोला धरून बसलेले तिचे बाबा एकदम त्यात रस घ्यायला लागले.

"मी एक घालतो," ते म्हणाले. "रानडुकरांसाठी धुऱ्यावरच्या तारेत करंट सोडला, अन् माणूसच चिकटला. दोष कोनाचा?"

"तार लावणाऱ्याचा."

"अन् पाटी लावली असली तं?"

"मंग पाटी वाचूनही जो गेला, त्याचा."

बाबा जाम खूश झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारंज्याहून पत्रा आणि लाल रंग आणला, आणि तिच्याकडूनच लिहून घेतलं : 'सावधान! तारेत करंट आहे.'

पाटी अंगणात वाळत होती. रोज त्याच धुऱ्यानं वावरात जाणाऱ्या रंगूकाकू थबकल्या. "काय लिवलं व पोरी ह्याच्यावर?"

 

"काही नाही वयनी," वर्षभराचा अबोला मोडत बाबाच गोड आवाजात बोलले, "पोरगी परीक्षेची प्रॅक्टिस करून राह्यली."