चौथा तुकडा

परीक्षकांनी चौथा तुकडा उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"यंत्रातून असाच बाहेर आला?"

"हो सर. असाच," फुरकान म्हणाला.

यंत्र त्यांच्या मागेच उभं होतं. धातूची भुकटी केसाएवढ्या थराने पसरायची, लेसरने वितळवायची आणि थरावर थर चढवत वस्तू घडवायची, असं ते यंत्र. अशा वस्तू खरखरीत निघतात. नंतर त्या घासत बसावं लागतं. लेसरची वाट बदलली तर घासायची गरजच उरत नाही, हे दाखवण्यात फुरकानची चार वर्षं गेली होती. नऊ तुकड्यांपैकी ते एकाच तुकड्याने दाखवलं होतं. त्यानंतर तोच तुकडा त्याने तीनदा बनवून पाहिला. तसा जमला नाही. पेणच्या या प्रयोगशाळेतली दमट हवा भुकटीला लागली असावी, असं त्याने प्रबंधात लिहून टाकलं होतं.

परीक्षकांनी खिशातून भिंग काढलं. "या बारीक गोल रेघा. यांच्यावर तुम्ही छान लिहिलंय. चांगली दोन पानं."

"लेसरच्या वाटेच्या खुणा आहेत त्या, सर," फुरकानच्या मार्गदर्शक वैशाली मॅडम अभिमानाने म्हणाल्या.

खिडकीशी काळुरामकाका यंत्राचे नट आवळायचे पाने पुसत होते. रोह्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढून ते या प्रयोगशाळेत मदतनीस झाले होते. वरसे गावात फुरकानच्या घराला लागूनच त्यांचं घर. मोठ्या माणसांच्या बोलण्यात ते कधी पडत नसत. पण गोल रेघांचं नाव निघालं आणि त्यांना राहवलं नाही.

"तो होय? तो मीच साफ केलेला," ते हसत पुढं आले. "ईदच्या आदल्या दिवशी, नाय का रे फुरकान? तू यंत्र चालू ठेवून लवकर घरी गेलास. तुकडा मीच काढून टेबलावर ठेवला, आणि हाताला असा लागत होता म्हणून सांगू! बोट कापलं असतं एखाद्याचं. म्हटलं, आपल्या पोराने घडवलेला जॉब हाय, असा कसा ठेवायचा. कानस मारली, मग पॉलिश पेपर घेतला. गोल गोल. आमच्या उस्तादाने तसंच शिकवलेलं. हाताला लागणारा जॉब पुढं द्यायचा नाय."

फुरकानला सगळं एकदम कळलं. न जमलेले तिन्ही तुकडे. दमट हवा. दोन पानं.

परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं. "हे काय म्हणतायत?"

एक 'हो' म्हटलं असतं तर चार वर्षं गेली असती. नव्याने करायला फार तर अजून दोन लागली असती.

"तो वेगळा तुकडा, सर," फुरकान म्हणाला. आवाज इतका सहज निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "काकांची गल्लत होतेय. वय झालंय आता."

काळुरामकाका परीक्षकांच्या हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. आपलं काम त्यांना ओळखता येत नव्हतं असं नाही. मग त्यांनी फुरकानच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं मात्र ते जास्त वेळ बघू शकले नाहीत.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "दुसराच असेल तो. चष्मा पण नाय आणला आज."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

आधी परीक्षक हसले, मग वैशाली मॅडम. "काका, जरा नाकाला हात लावून बघा!" काकांनी चष्मा चाचपला आणि तेही हसले, सगळ्यांच्या मागून.

अर्ध्या तासात परीक्षकांची सही झाली. मॅडमनी पेढ्याचा बॉक्स फोडला, पाहुण्यांना घेऊन त्या जेवायला निघाल्या. "चला डॉक्टरसाहेब," त्या दारातून म्हणाल्या. "आलोच," असं म्हणून फुरकान मागे राहिला.

काका पुन्हा खिडकीशी जाऊन पाने पुसत होते. मघाशी पुसलेलेच.

"काका," फुरकान म्हणाला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. फुरकानचा बंद होता, म्हणून त्याच्या अम्मीने इकडे लावला होता.

"व्हय व्हय, बतूलभाभी, झाला! डाक्टर झाला तुझा पोरगा. नाय गो, थट्टा कसली? खरंच. साहेब लोक खूश होऊन गेले."

पलीकडून अम्मी रडत होती. तिचं रडणं आणि बोलणं फुरकानला स्पष्ट ऐकू येत होतं. काळूभाऊ, तुम्ही तिथं होता म्हणून हो. तुम्ही सांभाळून घेतलंत.

"मी?" काका म्हणाले. "मी काय केलं गो? काय सुद्धा नाय. सगळं त्याने एकट्याने केलंय."

फुरकानकडे न बघता त्यांनी फोन पुढं केला. "घे. आई हाय."

फुरकान उभाच राहिला. काकांचा हातही तसाच पुढं राहिला, आणि त्या हातातून अम्मी लाडाने हाका मारत होती, "डाक्टरसाहेब? ओ डाक्टरसाहेब?"