मंगळवार, तीन ते साडेचार

मुलाखत जेमतेम सुरू झाली आणि ब्राउझर पुन्हा आपोआप बंद झाला. शाल्मलीने दातओठ खात तो उघडला, तर नमस्कार म्हणेपर्यंत परत गायब. वायफाय बदलून झालं, लॅपटॉप बंद करून चालू केला, काही उपयोग नाही. शेवटी कंपनीचाच निरोप आला, ‘आम्ही पुढच्या उमेदवाराकडे वळतो आहोत.’

तिच्या अंगाची लाही लाही झाली. नोकरी तर गेलीच, आता या मेल्याला सोडायचं नाही, म्हणून ती एकेक प्लगइन बंद करत सुटली. पंचांगाचं बंद केलं मात्र, ब्राउझर शहाण्यासारखा चालायला लागला. सासऱ्यांनी हौसेने तिथी बघायला टाकून घेतलेल्या त्या प्लगइनची सेटिंग तिने उघडली. ‘राहुकाळात ब्राउझर बंद ठेवा’ या ओळीपुढे बरोबरची खूण होती. आज मंगळवार, तीन ते साडेचार.

"आप्पा, ही खूण तुम्ही केलीत?"

आप्पा सोफ्यावर सुपारी कातरत होते. "मीच केली. अशा वेळेला नवीन काम सुरू करू नये. तुझ्या भल्यासाठीच केलं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

तिने लॅपटॉप मिटला. चार वाजले तशी रोजच्यासारखी हाक आली, "शाल्मली, चहा टाकतेस ना?"

ती जागची हलली नाही.

"साडेचार वाजू देत, आप्पा. अशा वेळेला गॅस पेटवू नये. तुमच्या भल्यासाठीच सांगतेय."