मेकॅनिकच्या घरातलं भंगार

मावुतोला माती देऊन चार दिवस होत नाहीत, तोच त्याचा धाकटा भाऊ कोंडवानी गाडी घेऊन दारात हजर. मेलेल्याच्या वस्तू भावांनी न्यायच्या, ही चिपाटा गावातली जुनी रीत. फ्रीजर गेला तर मात्र मावुतोच्या बायकोचं, तिओंगेचं सगळंच गेलं. त्यातल्या आइसकांड्या शाळेबाहेर विकूनच तिची दोन पोरं जेवायची.

कोंडवानीने फ्रीजर लावला. हूं नाही की चूं नाही. टीव्ही मुका, विजेची शेगडी गार.

"काय हो वहिनी, दादा अख्ख्या गावाची यंत्रं दुरुस्त करायचा आणि घरात हे असलं?"

"गावाचं करता करता घरचं राहून गेलं, भाऊजी. न्यायचं तर न्या. परत माझ्या दारात आणून टाकू नका म्हणजे झालं."

"भंगारासाठी पेट्रोल कोण जाळणार?" असं पुटपुटत त्याने चार खुर्च्या तेवढ्या चढवल्या आणि तो गेला.

अंथरुणाला खिळलेला मावुतो तिला दुरुस्ती शिकवू लागला, तेव्हा तिओंगेच म्हणाली होती, "ते नंतर. आधी चालू वस्तू बंद कशी पाडायची, ते शिकव."