चौदा नंबरचा खळगा

चौदा नंबरचा खळगा कशासाठी होता, ते मला सांगता येईना. डोंगरमाथ्यावरच्या या ओसाड घराचा फक्त चौथरा उरला होता आणि पुरातत्त्वाच्या सर्वेक्षणासाठी तीन दिवस मी एकटीच त्याची मापं घेत होते. जमिनीत पुरलेलं मोठं उखळ लगेच ओळखू आलं. त्याच्या शेजारच्या या मुठीएवढ्या खळग्यापुढे मी वहीत लिहिलं, ‘बहुधा पूजेसाठी.’

चौथ्या दिवशी ठकूबाई खालच्या गावातून धापा टाकत वर आल्या. त्या याच घरात जन्मलेल्या. मी नोंद वाचून दाखवली, तशा हसल्या.

“पूजा कसली गं! माझ्या भातुकलीचं उखळ हाय ते. बानं छिन्नीनं कोरून दिलं व्हतं.”

“खेळायला कोण असायचं?”

“डोंगरावर आमचं एकच घर. कोण असनार? सैपाक रोज व्हायचा, पाव्हणं कदी आलं न्हाई.”

त्यांनी माझी लाल-पांढरी मापाची काठी उचलली, खळग्यात चिमूटभर गवताचं बी टाकलं आणि कांडायला बसल्या.

नोंद खोडायला मी पेन काढलं, पण ते वहीतच ठेवून उठले. चौथरा उतरून, वळसा घालून उंबऱ्याच्या दगडाशी आले. दार नव्हतं, तरी थांबले.

“कुणी आहे का घरात?”

कांडणं थांबलं. ठकूबाईंनी घाईघाईनं डोक्यावर पदर ओढला.

“या की,” त्या म्हणाल्या, “लई उशीर केलासा.”