मुंगीची गाडी

“खेळ देखणा आहे, पण लबाड आहे,” ठमी म्हणाली. “छापलंय तेच तोंडावर सांगते.”

समोरच्या बाईंनी मान डोलावली. ठमी एका साप्ताहिकात मोबाइलवरच्या खेळांची परीक्षणं लिहायची. ऑफिसात तिला खडूस म्हणत. ठमी हे नाव घरचं. खेळ बनवणारे तिला भेटायला यायचे ते भांडायलाच. या बाई पोटापाण्यासाठी शहराचे नकाशे काढायच्या, खेळ त्यांनी एकटीने बनवला होता, आणि त्या भांडत नव्हत्या.

खेळ तसा सोपा वाटे. साखर लादलेली मुंगीची गाडी वारुळापर्यंत पोचवायची. वाटेत वळण, तळं, बंद पडलेली गिरणी, मग फुटणारे रस्ते. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक भुंगा पहाऱ्याला. त्याने हात वर केला की खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून.

“आधी चांगलं सांगते,” ठमी म्हणाली. “मध्येच जाहिराती घुसत नाहीत. ‘थांबा, उद्या या’ असला चावटपणा नाही. आणि गाडी वळवताना अंगठ्याला जे सुख होतं ना, ते मोठमोठ्या कंपन्यांना साधत नाही. डोकं बाजूला राहतं, हातच गाडी चालवतो.”

“आणि वाईट?”

“कुठूनही जा, भुंगा आहेच. हरायला माझी ना नाही. ‘अरेच्चा, माझंच चुकलं’ असं वाटलं की माणूस पुन्हा खेळायला बसतो. इथे वाटतं, आपल्याला बनवलंय. तुमच्या खेळात रस्ताच नाही.”

“आहे.”

“मग एखादी खूण तरी ठेवा. चाकांची रेघ, उडालेला रंग, काहीतरी.”

“खूण ठेवली तर कुणालाही सापडेल.”

“अहो, मग खेळ काढलाय कुणासाठी?”

“ज्याला सापडेल त्याच्यासाठी.” बाई उठल्या. “तुम्ही झोडपल्यापासून खेळणारे वाढलेत. तुमचे आभारच मानायला आले होते. कुणाला रस्ता सापडल्याचं कानावर आलं, तर मला फोन कराल?”

ठमीने नंबर घेतला. बाईंचा एखादा स्क्रू ढिला असावा, असं तिला वाटलं. पण खेळ काही डोक्यातून जाईना. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून ती त्यालाच चिकटून होती, आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिने फोन दोनदा उशीवर आपटला होता.

“ठमे, फोनने काय घोडं मारलंय तुझं?” दादाने स्वयंपाकघरातून विचारलं. तो भाजी चिरत होता.

आईवडील गेले तेव्हा ठमी शाळेत होती. दादाने तिला वाढवलं, शिकवलं, स्वतःचं लग्न मात्र पुढे ढकलत ढकलत राहूनच गेलं. तो मोटार शिकवायच्या शाळेत मास्तर होता. अर्धं शहर त्याच्या शेजारी बसून स्टिअरिंग धरायला शिकलं होतं. गुडघा कुरकुरायला लागल्यापासून तो फक्त वर्गात वाहतुकीच्या खुणा शिकवायचा. ‘मास्तर हल्ली फळ्यावरच गाडी लावतात,’ अशी पोरं थट्टा करायची. तोही हसायचा.

“तू बघ बरं एकदा,” ठमीने फोन पुढे केला. “गाडीचाच खेळ आहे.”

“हे रिकामटेकड्यांचे उद्योग मला नको.”

“मास्तर, हरायला घाबरता काय?”

दादाने पंच्याला हात पुसले, चष्मा लावला. पहिल्या वळणावर तो जरा अडखळला. मग हात बसला. तळ्याच्या कडेने त्याने गाडी अशी अलगद नेली की ठमी बघतच राहिली. गिरणी आली. पुढे रस्ते फुटत होते, भुंगे दिसत होते.

दादाने एकही रस्ता धरला नाही. गिरणीच्या मागे वेलींनी झाकलेली भिंत होती, गाडी त्याने सरळ तिच्यावरच घातली.

वेली बाजूला झाल्या. गाडी आत शिरली, अंगणातून पलीकडे निघाली आणि वारुळासमोर उभी राहिली. बारीक सनई वाजू लागली.

“दादा! कसं कळलं तुला?”

दादा स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. “घसरला,” तो म्हणाला. “चुकून.”

“पुन्हा करून दाखव ना.”

“नको.” त्याने चष्मा काढला. “कुणी बनवलाय हा?”

“आहेत एक बाई. नकाशे काढतात. थांब, त्यांना सांगतेच. मला माझं परीक्षण मागे घ्यावं लागणार.”

दादाने फोन तिच्या हातात दिला. तो आत गेला. नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ तसाच येत राहिला.

ठमीने बाहेरच्या खोलीत येऊन फोन लावला.

“हरले बाई मी तुमच्यापुढे,” ती हसत म्हणाली. “रस्ता आहे. गिरणीच्या मागची भिंत, बरोबर?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ऐकताय ना?”

“कुणाला सापडला?” बाईंचा आवाज अगदी खाली आला होता.

“माझ्या दादाला. पहिल्याच खेपेला! त्याने आयुष्यात कधी मोबाइलवर खेळ खेळला नव्हता.”

बाई सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलू लागल्या.

“खेळातलं पहिलं वळण खरं आहे. त्या वळणावर एका गाडीने माझ्या मुलीला उडवलं. ती शाळेत निघाली होती. सगळ्या नाक्यांवर पोलीस होते, पण गाडी कुठूनच बाहेर पडली नाही. गिरणीमागच्या वेलींच्या आड फाटक आहे, हे मला फार उशिरा कळलं. आत अंगणात दिव्याची काच पडली होती. काचेवर कुणाचं नाव नसतं. म्हणून मी तो सगळा रस्ता जसाच्या तसा काढला, आणि फाटक तेवढं दाखवलं नाही.”

आतला नळ बंद झाला होता.

“तुमचे दादा आहेत का जवळ?” बाईंनी विचारलं.

ठमी वळली. दादा दारात उभा होता. त्याने फोनसाठी हात पुढे केला.