आठ दिवसांची राखण

मिसेस हॅलोरननी पाखरांच्या घरट्यासाठी लावलेल्या लाकडी पेटीचं दार उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. आत ब्लूबर्ड या निळ्या पाखराची मादी मरून पडली होती, डोकं टोचून टोचून रक्ताळलेलं. तिच्याखाली चार निळी अंडी, फुटलेली. शेजारी उभ्या असलेल्या उत्तराला हे कालच कळलं होतं. तरी ती "अगं बाई" म्हणाली, आणि अगदी आत्ताच बघितल्यासारखं म्हणाली.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या गल्लीत शेजारच्या या एकट्या बाई सहा वर्षं ब्लूबर्डची वाट बघत होत्या. दोन पेट्या त्यांनी स्वतः बनवल्या होत्या. भोक मोजून पाडलेलं, बाहेर दांडी नाही, म्हणजे दुसऱ्या पाखराला बसून आत चोच घालता येऊ नये. एक पेटी त्यांच्या अंगणात, दुसरी कुंपणापलीकडे उत्तराकडे. पंच्याऐंशी सालच्या वसंतात पहिल्यांदा जोडी आली, त्यांच्याच पेटीत. आणि नेमकं बहिणीच्या आजारपणासाठी त्यांना आठ दिवस ओहायोला जावं लागलं. जाताना एकच काम सांगून गेल्या: तुझ्या पेटीत चिमण्या गवत आणतील, ते रोज काढून टाक. चिमण्यांनी एकदा घर केलं की त्या आसपासच्या पेट्यांतल्या ब्लूबर्डनाही टोचून मारतात.

चिमणी आली. आता ही अगदी आपली चिमणी हो, साताऱ्याच्या घरात फोटोमागे घरटं करायची तीच. अमेरिकेत चार वर्षं काढली, पण उत्तराच्या दारात घर करायला कुणी पहिल्यांदाच आलं होतं. ते मोडायचं? तिचा हात धजेना. उलट बाईसाहेब रोज सकाळी मूठभर तांदूळ टाकू लागल्या. एवढीशी चिमणी कुणाचं काय वाकडं करणार! ओहायोहून फोन आला तेव्हा मात्र, रोज काढते हं, असं बेधडक ठोकून दिलं.

काल दुपारी तिने सहज पलीकडची पेटी उघडली, तेव्हा आत ही मेलेली मादी दिसली. मिसेस हॅलोरन सकाळी यायच्या होत्या. मग उत्तराने आपल्या पेटीतलं घरटं उपसलं. गवत, पिसं, ठिपक्यांची पाच अंडी, सगळं कचऱ्याच्या पिशवीत. दोन मिनिटांचं काम. ब्लूबर्डसाठी जे आठ दिवसांत झालं नाही, ते स्वतःची अब्रू वाचवायला झालं. चिमणी कुंपणावर बसून ओरडत होती. उत्तराला स्वतःची इतकी लाज वाटली की रात्री नवरा समोर जेवत असताना तिला मान वर करवेना.

आता मिसेस हॅलोरन कुंपणाशी आल्या. त्यांनी उत्तराच्या पेटीत डोकावून पाहिलं. स्वच्छ, रिकामी.

"तू तुझं काम चोख केलंस," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. खिडकीतून दिसावेत म्हणून मी पेटी घराला इतकी चिकटून लावली. चिमण्या घराजवळच असतात, मला माहीत होतं."

त्या गॅरेजमधून स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या. म्हणाल्या, एकाहत्तराव्या वर्षी आणखी जीव घ्यायचे नाहीत मला, दोन्ही पेट्या काढून टाकते. एका वाक्यानं त्या थांबल्या असत्या. ते वाक्य उत्तराच्या ओठांवर आलं होतं, आणि ती ते बोलणारही होती.

पहिला स्क्रू निघाला.

"इकडे द्या," उत्तरा म्हणाली, "मी धरते. गवतात पडला तर सापडणार नाही."