बर्फावरची जर्सी

आइस हॉकी लीगच्या दोन्ही गटांत मिळून गावाचा संघ बीव्हर्स सर्वांत तळाला होता, आणि चाहत्यांना तो तिथेच हवा होता. तळाच्या संघाला नवा खेळाडू सर्वांत आधी निवडता येतो, आणि यंदा गावाचा डोळा एका हिऱ्यावर होता.

पण हंगामाच्या शेवटच्या सामन्यात गोलकीपर ओरेस्टने एकेचाळीस फटके अडवले. बीव्हर्स एक-शून्यने जिंकून तळातून वर सरकले, आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. कुणीतरी तर संतापून अंगातली जर्सी बर्फावर भिरकावली.

आत येऊन ओरेस्टने हेल्मेट भिंतीवर आदळलं आणि वडिलांना फोन लावला. परसात पाणी ओतून, त्याचा बर्फ करून त्याला हा खेळ शिकवणारा तो माणूस तरी त्याची बाजू घेणार होता.

"बाबा, जिंकलो म्हणून शिव्या खाल्ल्या मी! लाज कशी वाटत नाही या लोकांना?"

"लाज तुला वाटू दे, गाढवा! अख्खा हंगाम गोल खात बसलास, आणि नेमकं आजच अडवायचं सुचलं?"

ओरेस्ट फोन ठेवायला लागला, तोच बाबा पुढे म्हणाले,

"आणि घरी येताना ती बर्फावरची जर्सी उचलून आण. माझी आहे."